नळी मोकळी, तर नेम स्थिर

धार-देवासच्या पूर्वीच्या पवार संस्थानांच्या शेजारी असलेल्या महूच्या छावणीत, जेथील लष्करी नेमबाजी पथकात २०१२च्या लंडन ऑलिंपिकचे रौप्यपदकविजेते विजय कुमार यांची जडणघडण झाली, तेथे शस्त्राच्या स्थैर्याचे मोल कोणास सांगावे लागत नाही. गोळी सुटताना नळी कंप पावते, आणि तो कंप दर खेपेस एकसारखा राहिला तरच गोळ्या एके ठिकाणी पडतात. अर्धस्वयंचलित रायफलीचे जुन्या धर्तीचे हँडगार्ड, म्हणजे हाताने धरायचे नळीभोवतीचे आवरण, पुढे नळीलाही टेकलेले असल्याने हाताचा वा पट्ट्याचा ताण नळीवर येऊन नेम ढळतो. याउलट, केवळ मागील बाजूस सांगाड्याशी जखडलेले, नळीस कोठेही स्पर्श न करणारे हँडगार्ड हा उपद्रव बहुतांशी टाळते, आणि माझ्या मते हीच सुधारणा सर्वांत विवेकाची होय. मात्र झिजलेल्या नळीची वा निकृष्ट काडतुसाची भरपाई तिने होत नाही.