पऱ्हाटीला ऊन का लागत नाही?



जुलैत पाऊस उघडला की दुपारचं ऊन कसं चटका देतं, हे अकोला-अमरावतीकरांना सांगायला नको. अशाच एका दुपारी वर्गातल्या मुलानं विचारलं, "सर, आपण तं दुपट्टा बांधतो, मंग पऱ्हाटीले ऊन काहून नाही लागत?" मी सांगून टाकलं, "झाडाच्या अंगात पाणी असतं म्हणून." उत्तर अर्धवट होतं. पानातल्या पाण्याची वाफ होऊन पान थंड राहतं, पण तो झाला उष्णतेवरचा उपाय. उन्हात न दिसणारे अतिनील किरणही असतात. त्यांच्यापुढे पाणी कामाचं नाही.

आपला भाग सुमारे २१ उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या उत्तरार्धात आणि पुन्हा जुलैत सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. तेव्हा किरणांना वातावरणातून आणि ओझोनमधून सर्वांत कमी अंतर कापावं लागतं. त्यामुळे आकाश मोकळं असेल तर २८० ते ३१५ नॅनोमीटरचे अतिनील-ब किरण जास्त पोचतात. आणि नेमक्या जुलैतल्या त्या दिवसांत कपाशी, सोयाबीन, तूर अजून कोवळी असते!

हे किरण पेशीतल्या डीएनएवर घाव घालतात. शेजारचे दोन थायमिन एकमेकांना चिकटतात आणि डीएनएची नक्कल करताना पेशी तिथे अडखळते. मग पीक काय करतं?

१. अडवतं. पानावर मेणाचा थर आणि लव असते. शिवाय वरच्या पेशींमध्ये फ्लॅव्होनॉइड ही रसायनं साठतात. ती अतिनील किरण शोषतात, पण अन्न तयार करायला लागणारा प्रकाश आत जाऊ देतात. चाळणीच म्हणा ना!

२. निस्तरतं. या किरणांमुळे तयार होणारी ऑक्सिजनची घातक रूपं क जीवनसत्त्व आणि काही विकरं निकामी करतात.

३. दुरुस्त करतं. फोटोलायेज नावाचं विकर निळ्या प्रकाशाची ऊर्जा वापरून चिकटलेले थायमिन सोडवतं. म्हणजे ज्या उन्हानं घाव केला, त्याच उन्हातून औषध! माणसाकडे हे विकर नाही.

पण ही तयारी रोपात जन्मापासून पूर्ण नसते. अतिनील-ब किरण ओळखणारं यूव्हीआर-८ हे प्रथिन पेशीत जोडीनं असतं. किरण पडले की जोडी सुटते आणि संरक्षक रसायनं बनवणारी जनुकं कामाला लागतात. मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या वनस्पतीवर काम करून शास्त्रज्ञांनी हे २०११ मध्ये दाखवलं. थोडक्यात, ऊन अंगावर पडल्याशिवाय पूर्ण चिलखत चढत नाही.

हे मला आधी कळलं असतं तर वर्गातली मिरचीची रोपं वाचली असती. काचेच्या खिडकीत छान हिरवीगार वाढली होती. एका दुपारी थेट अंगणात लावली आणि तीन दिवसांत पानं पांढरी पडली. खिडकीची काच अतिनील-ब किरण जवळजवळ पूर्ण अडवते. बाहेरचा वारा आणि उष्णताही त्यांना नवीनच होती, त्यामुळे सगळा दोष एकट्या अतिनील किरणांचा नाही.

घरी किंवा शाळेत करून पाहा. मूग दोन पेल्यांत पेरा, एक काचेआड ठेवा, एक अंगणात. दहा दिवसांनी उंची, खोडाची जाडी, पानांचा रंग मुलांना वहीत लिहायला लावा. मग काचेआडचं रोप आठवडाभर रोज थोडं-थोडं, आधी सकाळच्या कोवळ्या उन्हात, बाहेर काढा. शेतकरी रोपं लावण्याआधी ती कणखर करून घेतो, ती हीच रीत.

त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी नवं उत्तर दिलं, "पऱ्हाटीलेही ऊन लागते बाबू. पण ती आपला दुपट्टा उन्हातच विणते." आणि हो, कालचं उत्तर अर्धवट होतं, हेही सांगितलं.