व्हाइस ॲडमिरल भास्कर सदाशिव सोमण : जीवन आणि नौदलीय कार्य

प्रस्तावना :

मराठी माणसाच्या इतिहासात आरमाराचे स्थान मोठे आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी उभारलेले आरमार कान्होजी आंग्रे यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात बलशाली केले. परंतु १७५६ मध्ये पेशवे व इंग्रज यांनी एकत्र येऊन विजयदुर्ग येथे तुळाजी आंग्रे यांचे आरमार नष्ट केले आणि पश्चिम किनाऱ्यावरील एतद्देशीय सागरी सत्ता क्षीण झाली. त्यानंतर सुमारे दोन शतकांनी, १९६२ मध्ये, एक मराठी अधिकारी स्वतंत्र भारताच्या नौदलाचा प्रमुख झाला. व्हाइस ॲडमिरल भास्कर सदाशिव सोमण हे ते अधिकारी होत. मराठवाड्यासारख्या समुद्रापासून दूर असलेल्या प्रदेशात त्यांचे नाव फारसे परिचित नाही. त्यांच्या कार्याचा व त्या कार्याला पडलेल्या मर्यादांचा आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पार्श्वभूमी :

सोमण यांचा जन्म १९१३ चा. त्या काळी हिंदुस्थानात ‘रॉयल इंडियन मरीन’ या नावाचे छोटे दल होते. सैन्याची वाहतूक, किनाऱ्याची पाहणी, बंदरांची देखरेख अशी कामे या दलाकडे असत. त्यातील अधिकारपदे ब्रिटिशांसाठी राखीव असल्यासारखीच होती. १९२८ मध्ये डी. एन. मुखर्जी या बंगाली अभियंत्याच्या रूपाने पहिला भारतीय अधिकारी या दलात आला. २ ऑक्टोबर १९३४ रोजी या दलाचे रूपांतर ‘रॉयल इंडियन नेव्ही’मध्ये झाले आणि त्याला लढाऊ नौदलाचा दर्जा प्राप्त झाला. सोमण यांची पिढी याच संक्रमणकाळात दलात दाखल झाली.

ही कालगणना महत्त्वाची आहे. भूदलाला १९४९ मध्ये आणि हवाई दलाला १९५४ मध्ये भारतीय प्रमुख लाभला. नौदलाला मात्र त्यासाठी १९५८ पर्यंत थांबावे लागले. भारतीय अधिकाऱ्यांची भरतीच उशिरा व अत्यल्प प्रमाणात झाल्यामुळे स्वातंत्र्याच्या वेळी पुरेशा ज्येष्ठतेचा भारतीय अधिकारी नौदलात नव्हता. एप्रिल १९५८ मध्ये व्हाइस ॲडमिरल रामदास कटारी हे पहिले भारतीय नौदलप्रमुख झाले. सोमण त्यांचे उत्तराधिकारी होत. म्हणजे हे पद भूषविणारे ते दुसरेच भारतीय आणि पहिले मराठी अधिकारी ठरतात.

महायुद्ध, उठाव आणि फाळणी :

१९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा या नौदलाकडे केवळ आठ युद्धनौका होत्या. युद्धकाळात दलाचा विस्तार झपाट्याने झाला आणि तरुण भारतीय अधिकाऱ्यांना प्रत्यक्ष युद्धाचा अनुभव मिळाला. युद्ध संपताच या पिढीची दुसरी परीक्षा झाली. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईतील ‘तलवार’ या तळावर नौसैनिकांचा उठाव सुरू झाला. निकृष्ट अन्न, अपमानास्पद वागणूक आणि स्वातंत्र्याची आकांक्षा ही त्यामागील कारणे होती. तो लवकरच अनेक नौकांवर व कराचीसह इतर बंदरांत पसरला आणि २३ फेब्रुवारीला शमला. एका बाजूला सेवेची शपथ व दुसऱ्या बाजूला देशबांधवांच्या न्याय्य तक्रारी, अशा पेचात भारतीय अधिकारी सापडले होते. पुढच्याच वर्षी फाळणी झाली आणि नौदलाच्या नौकांचीही वाटणी झाली. काल एकत्र काम करणारे सहकारी दोन देशांचे अधिकारी झाले. १९६५ मध्ये समोरासमोर आलेली दोन्ही नौदले एकाच घरातून निघालेली होती, हे येथे ध्यानात ठेवावे लागते.

गोवामुक्ती आणि नौदल :

मराठवाड्याच्या वाचकाला हा प्रसंग विशेष जवळचा वाटेल. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. ते संस्थान चहूबाजूंनी भूवेष्टित होते. समुद्राकडे वाट नसणे ही आपली मोठी उणीव आहे, हे निजामाच्या सरकारने ओळखले होते आणि पोर्तुगीजांकडून गोव्यातील मुरगाव बंदर मिळविण्याचा विचारही केला होता. हैदराबादच्या कारवाईत नौदलाला वाव नव्हता. गोव्याच्या बाबतीत स्थिती नेमकी उलट होती. तेथे शत्रूची कुमक समुद्रमार्गे येऊ शकत होती. म्हणून समुद्र रोखल्याशिवाय मोहीम पूर्ण होणार नव्हती.

डिसेंबर १९६१ च्या ‘ऑपरेशन विजय’मध्ये भारतीय ताफ्याचे नेतृत्व रिअर ॲडमिरल सोमण यांच्याकडे होते. ‘म्हैसूर’ ही क्रूझर, ‘त्रिशूळ’, ‘बेतवा’, ‘बियास’ या फ्रिगेट आणि त्याच वर्षी मार्चमध्ये दाखल झालेली ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका या मोहिमेत सहभागी होत्या. दीवच्या बाजूला ‘दिल्ली’ ही क्रूझर पाठविण्यात आली. १८ डिसेंबरला मुरगाव बंदरात ‘बेतवा’ व ‘बियास’ यांनी ‘अफोन्सो द अल्बुकर्क’ या पोर्तुगीज युद्धनौकेशी सामना केला. जबर हानी झालेली ती नौका अखेर किनाऱ्याला लावून सोडून देण्यात आली. कारवारजवळील अंजदीव बेटावर ‘म्हैसूर’ व ‘त्रिशूळ’ यांवरून नौसैनिक उतरविण्यात आले. तेथील पोर्तुगीज शिबंदीने कडवा प्रतिकार केला आणि सात भारतीय नौसैनिकांना वीरमरण आले. १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. स्वतंत्र भारताच्या नौदलाची ही पहिली मोठी लढाऊ मोहीम होय.

नौदलप्रमुखपदाचा काळ (१९६२-१९६६) :

जून १९६२ मध्ये सोमण नौदलप्रमुख झाले. त्यानंतर अवघ्या काही महिन्यांत चीनने आक्रमण केले. नोव्हेंबर १९६२ मध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. संरक्षण खात्याची धुरा आणि नौदलाचे सुकाणू ही दोन्ही मराठी माणसांच्या हाती असण्याचा हा दुर्मीळ योग होता. परंतु परिस्थिती नौदलाला अनुकूल नव्हती. चीनचे संकट हिमालयातून आले होते. त्यामुळे साहजिकच संरक्षणखर्चाचा ओघ भूदल व हवाई दल यांकडे वळला आणि नौदलाच्या मागण्या मागे पडल्या.

अशाही स्थितीत पुढील वाटचालीची पायाभरणी याच काळात झाली. १९६४ मध्ये नौदलाच्या हवाई शाखेचा ‘हंसा’ हा तळ कोइमतूरहून गोव्यातील दाबोळी येथे हलविण्यात आला. त्याच वर्षी अंदमानात पोर्ट ब्लेअर येथे ‘जारवा’ हा तळ सुरू झाला. पाकिस्तानने १९६४ मध्ये अमेरिकेकडून ‘गाझी’ ही पाणबुडी मिळविली होती, तर भारताकडे एकही पाणबुडी नव्हती. ब्रिटनशी झालेली बोलणी फलद्रूप न झाल्याने भारताने सोव्हिएत संघाकडून पाणबुड्या घेण्याचा करार १९६५ मध्ये केला. त्यातील पहिली पाणबुडी ‘कलवरी’ ही ८ डिसेंबर १९६७ रोजी नौदलात दाखल झाली. तोपर्यंत सोमण निवृत्त झाले होते.

१९६५ चे युद्ध : एक कठीण कसोटी :

सप्टेंबर १९६५ मध्ये पाकिस्तानशी युद्ध सुरू झाले तेव्हा ‘विक्रांत’ दुरुस्तीसाठी गोदीत होती. ७ सप्टेंबरच्या रात्री पाकिस्तानी नौदलाच्या सात नौकांनी द्वारकेवर काही मिनिटे तोफगोळे डागले. प्रत्यक्ष हानी नगण्य होती. मात्र तीर्थक्षेत्रावर मारा झाल्यामुळे देशात संताप उसळला. नौदल काय करीत होते, असा प्रश्न लोक विचारू लागले.

या प्रश्नाचे उत्तर त्या वेळी जाहीरपणे देता येण्यासारखे नव्हते. युद्ध समुद्रावर पसरू नये, असे शासनाचे धोरण होते. त्यानुसार नौदलाने पोरबंदरच्या अक्षांशाच्या उत्तरेला व मुंबईपासून दोनशे मैलांपलीकडे आक्रमक कारवाई करू नये, असे बंधन घालण्यात आले होते. शासनाच्या भूमिकेमागेही कारणे होती. देशाची सारी शक्ती पंजाब व काश्मीरच्या आघाडीवर लागली होती. शिवाय इंडोनेशियाचा कल पाकिस्तानकडे असल्याने अंदमान-निकोबार बेटांच्या रक्षणाची चिंता होती. सोमण यांना हे बंधन मान्य नव्हते. आपला आक्षेप त्यांनी थेट पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्यापर्यंत पोहोचविला. निर्णय बदलला नाही. सोमण यांनी आदेशाचे पालन केले.

सोमण यांच्या कारकिर्दीचे मूल्यमापन करताना हा प्रसंग केंद्रस्थानी ठेवावा लागतो. लढण्यास उत्सुक असलेल्या दलाला रोखून धरणे आणि त्याबद्दलची टीका मुकाट्याने सोसणे हे सेनानीला युद्धाहून अवघड असते. मतभेद योग्य त्या पातळीवर स्पष्टपणे मांडावा, निर्णय झाल्यानंतर मात्र लोकनियुक्त शासनाची आज्ञा पाळावी, हे लोकशाहीतील सेनादलाचे तत्त्व येथे कसोटीस उतरले. शेजारच्या देशात १९५८ पासून लष्करी राजवट होती, हे लक्षात घेतले म्हणजे या संयमाचे मोल कळते.

मार्च १९६६ मध्ये सोमण निवृत्त झाले. १९६५ ची सल मात्र नौदलात राहिली. पुढे ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री क्षेपणास्त्रवाहू नौकांनी कराचीवर हल्ला केला, तेव्हा ती वेगळ्या रीतीने व्यक्त झाली. तोच दिवस ‘नौदल दिन’ म्हणून पाळला जातो. सोमण यांचे निधन १९९५ मध्ये झाले.

निष्कर्ष :

१) सोमण यांच्या जीवनातून वसाहतकालीन दलाचे राष्ट्रीय नौदलात कसे रूपांतर झाले, हे समजते.

२) गोवामुक्तीत नौदलाने सागरी वाट रोखली. या मोहिमेचे श्रेय केवळ भूदलापुरते मर्यादित ठेवता येत नाही.

३) १९६५ मधील नौदलाची निष्क्रियता ही नेतृत्वाची उणीव नव्हती, ती शासकीय धोरणाचा आणि साधनांच्या तुटवड्याचा परिणाम होती.

४) हैदराबाद मुक्तिसंग्राम व गोवामुक्ती या दोन घटना महाविद्यालयीन अध्यापनात एकत्र शिकविल्यास, भूवेष्टित व सागरी प्रदेशांच्या मुक्तीतील फरक विद्यार्थ्यांना अधिक स्पष्ट होईल. मराठवाड्यातील इतिहासाच्या अध्यापकांना त्यासाठी सोमण यांचे कार्य उपयुक्त ठरेल.