विश्लेषण : अर्धे सायकलवर, अर्धे पायी... डोंगरातील मुक्काम कुठे टाकावा? वाई, पाचगणी की भंडारदरा?

थंडी सुरू झाली की कार्यालयांच्या, सोसायट्यांच्या आणि जुन्या कॉलेज मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच विषय रंगतो. दोन-तीन दिवस सह्याद्रीत जायचे, काहींनी सायकल चालवायची, काहींनी गड चढायचा आणि रात्री एकत्र जेवायचे. बेत सोपा वाटतो. प्रत्यक्षात पहिल्याच दिवशी सायकलवाले अंधारात घाटात अडकतात आणि ट्रेकवाले हॉटेलच्या व्हरांड्यात त्यांची वाट पाहत बसतात. बहुतेक वेळा कारण एकच असते, मुक्कामाची जागा फोटो पाहून ठरवलेली असते.

माथ्यावरचा मुक्काम का फसतो?

थंड हवेच्या ठिकाणी डोंगरमाथ्यावर राहणे कोणालाही आवडेल. मात्र माथ्यावर राहिले की दिवसाची सुरुवात उताराने होते आणि शेवट चढाने. म्हणजे पाय थकलेले, पाण्याच्या बाटल्या रिकाम्या, उजेड कमी होत चाललेला आणि समोर घाट. पायथ्याशी राहिले तर उलटे होते. सकाळी ताज्या पायांनी चढ, दुपारनंतर उतार. दमलेला माणूस कुठूनही मागे फिरला तरी उताराने मुक्कामी पोहोचतो.

वाई आणि पाचगणीचे उदाहरण घ्या. वाई साधारण ७०० मीटर उंचीवर आहे, पाचगणी सुमारे १,३०० मीटरवर. मधला पसरणी घाट जेमतेम १२ किलोमीटरचा. चढलेली उंची भागिले अंतर, गुणिले १००, असे गणित केले तर सरासरी चढ पाच टक्क्यांच्या आसपास येतो. नियमित सायकल चालवणाऱ्याला हा घाट तास-दीड तासाचा. महिन्यातून एकदा सायकल बाहेर काढणाऱ्याला याच्या दुप्पट वेळ सहज लागू शकतो. हा माणूस पाचगणीत उतरलेला असेल आणि दुपारी वाई पाहून परत निघाला असेल, तर डिसेंबरात सहाच्या सुमारास होणारा सूर्यास्त त्याला घाटातच गाठणार. शनिवार-रविवारी महाबळेश्वरच्या पर्यटकांच्या गाड्याही याच रस्त्यावर असतात.

मग वाईत राहून काय मिळते?

पहिल्यांदाच अशी सहल आखणाऱ्या गटासाठी वाई हा सर्वांत कमी डोकेदुखीचा पर्याय आहे. पुण्याहून अंतर ९० किलोमीटरच्या आत. एसटी स्थानक, बाजार, दवाखाने, औषधांची दुकाने सगळे गावात. दमदार सायकलस्वारांनी पसरणी घाट चढावा. ज्यांना घाट नको त्यांनी कृष्णेच्या काठाने धोम धरणाकडे जावे, तो रस्ता पायांवर दया करणारा आहे. चालणाऱ्यांसाठी पांडवगड जवळच आहे आणि पूर्ण दिवस हाताशी असेल तर कमळगडही आहे. तीन वेगवेगळ्या दमाचे लोक सकाळी तीन दिशांना जाऊन संध्याकाळी ढोल्या गणपतीच्या घाटावर भेटू शकतात. मुक्कामाकडून यापेक्षा फार काही मागू नये.

उणीव एकच. वाई गाव आहे, रान नाही. ज्यांना सकाळी दार उघडल्यावर तलाव आणि कडेच दिसायला हवेत, त्यांचे मन इथे भरणार नाही.

भंडारदरा कोणासाठी?

अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील भंडारदरा परिसर अशा मिश्र गटासाठी जणू बेतूनच दिलेला आहे, पण तयारीने येणाऱ्यांसाठी. प्रवरा नदीवरील विल्सन धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाभोवती जवळपास पूर्ण वळसा घालणारा रस्ता आहे. शेंडी गावातून निघून रतनवाडी, साम्रद, घाटघर करत पुन्हा शेंडीला यायचे. अंतर साधारण ४० ते ५० किलोमीटर, तेही चढ-उतारांचे. आकडा छोटा वाटला तरी खराब पॅच आणि फोटोंचे थांबे धरून सकाळी लवकर निघावे.

खरी गंमत रतनवाडीत आहे. चालणाऱ्यांनी पहाटे जीपने रतनवाडी गाठून १,२९७ मीटर उंचीचा रतनगड चढायचा, सायकलवाल्यांनी जलाशयाच्या काठाने यायचे आणि दुपारच्या जेवणाला सगळ्यांनी अमृतेश्वराच्या प्राचीन दगडी मंदिराजवळ एकत्र यायचे. गावात आधी सांगून ठेवले तर घरगुती भाकरी-पिठल्याची सोय होते. दोन गट एका सहलीत असूनही दिवसभर एकमेकांना दिसत नाहीत, ही अशा सहलींची नेहमीची तक्रार. ती इथे मिटते.

दुसऱ्या दिवशी कळसूबाई. उंची १,६४६ मीटर, राज्यातील सर्वोच्च शिखर. पायथ्याच्या बारी गावातून वर जाताना आठशेहून अधिक मीटर उंची गाठावी लागते. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला ढोबळ नियम आजही वापरला जातो. सपाटीवर तासाला पाच किलोमीटर आणि दर ६०० मीटर चढाईला एक तास जादा. त्यानुसार इथे फक्त चढाईपोटी जवळपास दीड तास वाढतो. हे गणितही सरावाच्या माणसाचे आहे. गटातला सर्वांत हळू चालणारा आणि लोखंडी शिड्यांवरची सुट्टीच्या दिवसांची रांग नेस्मिथने धरलेली नव्हती.

धोका कुठे आहे?

जलाशयाच्या पलीकडच्या बाजूला मोबाइल नेटवर्कचा भरवसा नाही. म्हणून मागे राहिलेला सायकलस्वार फोन करेल या समजुतीवर काहीही आखू नये. सर्वांत शेवटी एक अनुभवी माणूस ठेवावा आणि घाटघरसारख्या ठरलेल्या ठिकाणी सगळे आल्याशिवाय कोणी पुढे जायचे नाही, हे आदल्या रात्रीच सांगावे. तातडीसाठी १०८ आणि ११२ हे क्रमांक आहेत, पण गाडी पोहोचायला वेळ लागतो आणि मोठ्या उपचारांसाठी नाशिकचीच वाट धरावी लागते. गटाबरोबर टेम्पो किंवा जीप असणे ही इथे चैन नव्हे.

साम्रदची सांदण दरी सगळ्यांनाच खुणावते. उंच कातळांमधली ही अरुंद घळ कोरड्या दिवसांत पाहावी. पावसाळ्यात वर कुठे सर कोसळली तरी पाण्याचा लोंढा येऊ शकतो आणि बाजूला व्हायला जागाच नसते. परिसराचा बराच भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. त्यामुळे वन विभागाच्या नाक्यावर प्रवेश शुल्क भरावे लागते आणि त्या वेळी लागू असलेले निर्बंधही तिथेच विचारून घ्यावेत.

घाट उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवला की तो तापतो आणि त्याची पकड कमी होते. थोडा दाबून, सोडून, पुन्हा दाबत उतरणे बरे. गिअरच्या सायकलींचे सुटे भाग शेंडीत मिळतील या भ्रमात राहू नये. ट्यूब, चेनची जोडकडी आणि जादा ब्रेक पॅड घरूनच न्यावेत.

इगतपुरीचे काय?

मुंबईकरांसाठी रेल्वे हे तिचे मोठे बळ. सायकल पार्सल कार्यालयात बुक करून ब्रेक व्हॅनमधून नेता येते, मात्र आपल्या गाडीला तिथे थांबा आणि सामान उतरवायला वेळ आहे का, हे आधी विचारावे. अडचण रस्त्याची आहे. मुंबई-आग्रा महामार्गावरची अवजड वाहतूक नवख्या सायकलस्वारासाठी नाही आणि समृद्धी महामार्गावर सायकलला बंदीच आहे. गाडीने घोटीमार्गे शेंडीला जाऊन तिथे सायकली उतरवणेच शहाणपणाचे.

बुकिंग करताना काय विचारावे?

खोलीचे भाडे सगळेच विचारतात. त्याआधी चौदा सायकली रात्री कुठे राहतील ते विचारा. छताखाली, कुलूपबंद जागा नसेल तर दवाने भिजलेल्या चेन सकाळी पुसत बसावे लागेल. पहाटे साडेपाचला चहा-पोहे मिळतील का, हा दुसरा प्रश्न. अनेक ठिकाणी स्वयंपाकघर आठशिवाय उघडत नाही आणि तिथेच दिवसातले थंड, मोकळ्या रस्त्यांचे तास हातचे जातात. मालकाने ‘बघू, करून देऊ’ असे म्हटले तर त्याचा अर्थ नाही असा धरून आदल्या संध्याकाळीच केळी, चिक्की आणि दशम्या बांधून ठेवाव्यात.