तांबटाची लय, कोकिळाचा चढ

नाशिकच्या इंदिरानगरातून मुंबई-आग्रा महामार्गाने पुढे गेलं की पांडवलेणीचा डोंगर लागतो. पायथ्याशी नेहरू वनोद्यान आहे. जॅझची नवी धून बांधायची असली की मी सकाळी इथे येते. कीबोर्ड घरीच. सोबत वही, पेन्सिल आणि मोबाइलमधला मेट्रोनोम.

आधी लय सापडते. तांबट एकाच सुरावर ‘टुक, टुक, टुक’ करत असतो, मिनिटाला शंभरावर ठोके. मध्य लयीच्या जॅझला हा वेग छान बसतो. वहीत मी फक्त तो आकडा उतरवते. ड्रमवादकाने टुकटुक करायची नाही. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला हाय-हॅट मिटायची, एवढंच. पक्ष्याची नक्कल दोन मिनिटं गंमत देते. धून उभी राहते ती त्याच्या बोलण्याच्या रीतीवर.

कोकीळ प्रत्येक हाकेला सूर चढवत नेतो आणि एकदम थांबतो. हा चढ कुठे ठेवावा, हे मी जॅझवादक माइल्स डेव्हिसच्या १९५९ मधल्या ‘सो व्हॉट’ या धुनेकडून शिकले. तिथे ३२ बारांपैकी (बार म्हणजे चार मात्रांचा खंड) पहिले १६ एका स्वरमेळात, पुढचे ८ अर्ध्या सुराने वर, शेवटचे ८ पुन्हा मूळ जागी. स्वर आपल्या काफी थाटाचेच. माझ्या धुनेतही मधले ८ बार तसेच वर सरकतात.

भारद्वाजाची जोडी एकमेकांना साद देते. मादीचा सूर खालचा. हा सवाल-जवाब मी सॅक्सोफोन आणि डबल बेसला दिला. जॅझवादक एरिक डॉल्फी पक्ष्यांसोबत वाजवायचा. त्यांचे सूर आपल्या दोन सुरांच्या मध्ये असतात, असं तो सांगे. कीबोर्डच्या दोन पट्ट्यांमध्ये तो सूर मिळत नाही, सॅक्सोफोनवर फुंकेने गाठता येतो. गोव्याच्या ब्राझ गोन्साल्विस यांनी याच वाद्यावर रागांचे स्वर जॅझमध्ये आणले. म्हणून मुख्य धून मी स्वतःकडे न ठेवता सॅक्सोफोनकडे सोपवली.

महामार्गाची घरघर मी गाळत नाही. हा डोंगर शहरातला आहे. सुरुवातीला डबल बेस गजाने खालचा षड्ज धरून ठेवतो, तो त्या घरघरीचा.

वनोद्यानात इतके आवाज एकाच वेळी असूनही प्रत्येक वेगळा ऐकू येतो, कारण प्रत्येकाची सुराची पट्टी वेगळी आणि थांबण्याची वेळही. चार वादकांना हीच शिस्त लागते. सोलोच्या बारांवर मी स्वर लिहीत नाही. कॉर्ड लिहिते आणि कुणी कुठे गप्प राहायचं ते लिहिते.