चीनमध्ये श्रद्धा परतली, मग मशिदींचे घुमट का उतरले?

चीन म्हटलं की कारखाने, बुलेट ट्रेन आणि कम्युनिस्ट पक्ष एवढंच डोळ्यासमोर येतं. तिथला माणूस देवाधर्माला मानत नाही, असाही आपल्याकडे समज आहे. हा समज खोडून काढणारं लेखन पत्रकार इयन जॉन्सन यांनी केलं. १९८० च्या दशकात विद्यार्थी म्हणून बीजिंगला गेलेल्या जॉन्सन यांनी पुढे अनेक वर्षं तिथे राहून वार्तांकन केलं. फालुन गाँग पंथावरील सरकारी दडपशाहीच्या बातम्यांसाठी २००१ मध्ये त्यांना पुलित्झर पुरस्कार मिळाला.

२०१७ मध्ये आलेलं त्यांचं 'द सोल्स ऑफ चायना' हे पुस्तक माओंनंतर परतलेल्या श्रद्धेची गोष्ट सांगतं. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात (१९६६ ते १९७६) मंदिरं, मशिदी, चर्च सगळीच बंद पडली होती. पुढे १९८२ मध्ये पक्षाने धोरण सैल केलं आणि लोक पुन्हा प्रार्थनास्थळांकडे वळले. डोंगरावरच्या यात्रेत भाविकांना मोफत चहा देणारं बीजिंगचं कुटुंब, शांक्सीतले ताओ पुरोहित, चेंगदूचं नोंदणी नसलेलं चर्च अशी साधी माणसं या पुस्तकात भेटतात.

मग प्रश्न असा, की श्रद्धा परतली तर अडचण कुठे आहे?

चीनमध्ये बौद्ध, ताओ, इस्लाम, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट या पाचच धर्मांना सरकारी मान्यता आहे. पण सगळ्यांना एकच माप लावलं जात नाही. यात्रा, मंदिरं, लोकदैवतं यांना 'परंपरा' किंवा 'सांस्कृतिक वारसा' म्हणून जागा मिळते. इस्लाम आणि ख्रिस्ती धर्माकडे मात्र बाहेरून आलेले म्हणून संशयाने पाहिलं जातं. २०१६ मध्ये शी जिनपिंग यांनी धर्मांच्या 'चिनीकरणा'वर भर दिला, तर २०१८ मध्ये इस्लामसाठी पाच वर्षांची योजनाच आली. त्याच वर्षी निंगशियातल्या वेइझोऊ गावात नवी मशीद पाडण्याच्या आदेशाविरोधात हुई मुस्लिम रस्त्यावर उतरले. २०२३ मध्ये युन्नानमधल्या नाजियायिंग मशिदीचा घुमट काढण्यावरून पोलिसांशी झटापट झाली.

गंमत म्हणजे, इस्लाम चीनमध्ये तेराशे वर्षांपासून आहे. शिआनची जुनी मशीद पाहिली तर उतरती छपरं, अंगणं आणि चिनी नक्षी असलेली ती वास्तू एखाद्या चिनी मंदिरासारखीच दिसते. हुई मुस्लिम चिनी भाषाच बोलतात. म्हणजे ज्यांनी चिनी संस्कृती शतकानुशतकं आपलीशी केली, त्यांनाच आता 'चिनी व्हा' असं सांगितलं जातंय. शिनजियांगमधल्या उइघुरांची स्थिती तर याहून गंभीर आहे. तिथली सामूहिक स्थानबद्धता मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरू शकते, असं संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने २०२२ च्या अहवालात म्हटलं.

'द सोल्स ऑफ चायना'चा भर बहुसंख्य हान समाजावर आहे, मुस्लिमांवर नाही. तरीही मुस्लिम वाचकाने ते वाचावं. सत्तेचा आक्षेप श्रद्धेपेक्षाही, आपल्या ताब्यात नसलेल्या एकत्र येण्याला असतो, हे त्यातून कळतं. त्या चेंगदूच्या चर्चचे पाद्री वांग यी यांना २०१९ मध्ये नऊ वर्षांची शिक्षा झाली.

२०२० मध्ये अमेरिका-चीन वादात अनेक पत्रकारांना देश सोडावा लागला, त्यात जॉन्सनही होते. गावोगावी जाऊन माणसांशी बोलणारे असे पत्रकार कमी झाले, की उरतात ती फक्त सरकारी निवेदनं आणि उपग्रहाची छायाचित्रं. घुमट उतरलेला त्यात दिसतो. पण त्या मशिदीत नमाज पढणाऱ्याला काय वाटलं, हे सांगायला तिथे कुणीतरी असावं लागतं.