चांदीचे डोळे आणि नेत्रसंशोधनाचा निधी



देवीच्या चरणी चांदीचे डोळे वाहण्याची प्रथा आपल्या भागात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. मुलाचे डोळे दुखावले म्हणून आईने, सासऱ्यांच्या शस्त्रक्रियेपूर्वी सुनेने, दृष्टी परत आल्यावर नवस फेडण्यासाठी एखाद्या वृद्धाने वाहिलेले हे इवलेसे जोड भांडारात जमा होतात आणि वजन करून वहीत लिहिले जातात. त्यांतील कोणते जोड नवस फळल्यावर वाहिलेले आणि कोणते अजून वाट पाहणाऱ्यांचे, हे मात्र वहीवरून कळत नाही. प्रस्तुत लेख या वाट पाहणाऱ्यांविषयी आहे.

न्यासातर्फे भरविल्या जाणाऱ्या नेत्रतपासणी शिबिरांचा अनुभव बहुतेक सभासदांना आहे. मोतीबिंदू निघाला की शस्त्रक्रियेची तारीख मिळते, नंबर निघाला की चष्मा मिळतो. परंतु पेडणे असो वा डिचोली, प्रत्येक शिबिरात दोन-चार माणसे अशी येतातच की ज्यांना डॉक्टर बाजूला बसवून हळू आवाजात सांगतात, यावर सध्या उपाय नाही. ती माणसे मंडपातून बाहेर पडतात तेव्हा त्यांना काय सांगावे हे आम्हांला सुचत नाही. अशांसाठी न्यास काय करू शकतो, असा प्रश्न काही सभासदांनी विचारला. शिबिरांसाठी गोळा होणाऱ्या देणग्यांबरोबरच नेत्रसंशोधनासाठी एक स्वतंत्र निधी उभारावा, असा विचार त्यातून पुढे आला. संशोधन ही सरकारची आणि मोठ्या संस्थांची गोष्ट, देवस्थानाच्या आवारात तिचे काय काम, ही शंका स्वाभाविक आहे. म्हणून हा विस्तार.

अंधत्व म्हणजे एकच व्याधी नव्हे, हे प्रथम ध्यानी घ्यावे. 2015 ते 2019 या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढील व्यक्तींच्या अंधत्वात मोतीबिंदूचा वाटा सुमारे 66 टक्के आढळला. त्यावरील उपाय सर्वज्ञात आहे, उणीव असते ती फक्त तो उपाय माणसापर्यंत पोहोचविण्याची. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी खुपऱ्यांनी अनेकांची दृष्टी जात असे. त्या रोगाचे सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून भारतातून उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर 2024 मध्ये मान्य केले. काचबिंदूची गोष्ट निराळी. त्यात डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू निकामी होते. औषधाने वा शस्त्रक्रियेने पुढील हानी थोपविता येते, पण गेलेली दृष्टी परत येत नाही. मधुमेहामुळे दृष्टिपटलावर होणारे परिणामही असेच, आणि याबाबतीत गोव्याने विशेष सावध असावे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत प्रौढांतील मधुमेहाचे प्रमाण देशात 11.4 टक्के, तर गोव्यात 26.4 टक्के आढळले. हे प्रमाण सर्व राज्यांत अधिक होते. दर चार प्रौढांमागे एक, असा त्याचा अर्थ. महाप्रसादाच्या पंगतीत बसलेल्यांकडे पाहावे, म्हणजे हा आकडा किती जवळचा आहे ते कळेल.

सर्वांत कठीण आहेत ते दृष्टिपटलाचे आनुवंशिक विकार. त्यांतील मुख्य तो रेटिनिटिस पिगमेंटोझा. यात मूल प्रथम तिन्हीसांजेला ठेचकाळू लागते. घरची माणसे रातांधळेपणा समजून गाजर, पपई, पालेभाज्या खाऊ घालतात. जीवनसत्त्वाच्या अभावाने येणारा रातांधळेपणा त्याने बरा होतो, हा होत नाही. पुढे दृष्टीचा घेर बाजूंनी आकसत जातो आणि नळीतून पाहावे तसे मधले तेवढे दिसत राहते. जगात साधारण चार हजार माणसांमागे एकास हा विकार असतो असे मानतात. नागपूरजवळच्या खेड्यांत सुमारे 4,700 प्रौढांची जी पाहणी झाली, तिच्यात मात्र हे प्रमाण साडेसातशे माणसांमागे एक इतके आढळले. पाहणी लहान होती, तेव्हा आकडा जपूनच वापरावा. तरी नात्यात विवाह होणाऱ्या समाजांत अशा विकारांचा धोका वाढतो हे शास्त्राने सिद्ध झालेले आहे, आणि मामाची मुलगी करण्याची रीत आपल्याकडे अपरिचित नाही.

या विकारावर काहीच होऊ शकत नाही, असे पन्नास वर्षांपूर्वी सर्वत्र सांगितले जाई. ते चित्र थोडे तरी पालटले त्यामागे सामान्य माणसांच्या वर्गणीचा मोठा हात आहे. अमेरिकेत बर्मन दांपत्याच्या दोन मुलींना हा विकार असल्याचे निदान झाले. गॉर्डन गुंड नावाच्या गृहस्थांची दृष्टी याच विकाराने तरुणपणीच गेली होती. या दोन कुटुंबांनी 1971 साली इतरांसह अंधत्वाविरुद्ध संशोधनासाठी निधी जमविणारी एक संस्था स्थापली. 1974 मध्ये हार्वर्ड विद्यापीठाशी संलग्न असलेली, केवळ या विकारांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा त्यांच्या साहाय्याने सुरू झाली. भोजनसमारंभ, आणि 2006 पासून गावोगावच्या पदयात्रा, अशा मार्गांनी रुग्णांचे आप्तेष्ट पैसे जमवीत राहिले.

त्यांच्या देणग्यांतून ज्या अभ्यासांना बळ मिळाले त्यांत जन्मतः जवळजवळ आंधळ्या असणाऱ्या ब्रिआर्ड जातीच्या कुत्र्यांवरील प्रयोग होते. या कुत्र्यांत एक जनुक सदोष असते. तेच जनुक सदोष असलेली माणसाची मुलेही बाळपणापासून दृष्टिहीन होतात. निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या साहाय्याने निर्दोष जनुक दृष्टिपटलाच्या मागे पोहोचविले, तेव्हा कुत्र्यांना दिसू लागले. ही वार्ता 2001 साली प्रसिद्ध झाली. त्यांतील लान्सलॉट नावाचा कुत्रा तर अमेरिकी संसदेत जाऊन आला. 2007 मध्ये माणसांवर चाचण्या सुरू झाल्या आणि डिसेंबर 2017 मध्ये त्या उपचारास अमेरिकेत मान्यता मिळाली. पहिल्या वर्गणीपासून शेहेचाळीस वर्षे गेली. देणाऱ्यांपैकी कित्येकांना ते दिवस पाहता आले नाहीत.

यात एक कटू सत्यही आहे. हा उपचार त्या एकाच जनुकातील दोषावर चालतो, आणि दोन्ही डोळ्यांसाठी त्याची किंमत आरंभी साडेआठ लाख डॉलर ठेवली गेली. लोकवर्गणीतून उगवलेले फळ लोकांच्या आवाक्याबाहेर जावे, ही बाब आम्हांला खटकते. म्हणूनच संशोधन आपल्या देशात, आपल्या रुग्णांसाठी आणि आपल्याला झेपेल अशा खर्चात व्हावे, हा आग्रह अधिक योग्य वाटतो.

तसे ते झालेलेही आहे. हैदराबादची नेत्रसंस्था 1987 साली सुरू झाली. चित्रपटनिर्माते एल. व्ही. प्रसाद यांनी तिला जमीन व मोठी रक्कम दिली आणि संस्थेला त्यांचेच नाव लाभले. तेथील डॉ. वीरेंद्र सांगवान व सहकाऱ्यांनी 2012 साली एक साधी शस्त्रक्रिया जगापुढे मांडली. चुना वा रसायन डोळ्यात उडून बुबुळाच्या कडेवरील मूळ पेशी जळाल्या, तर रुग्णाच्याच चांगल्या डोळ्यातील इवलासा तुकडा घेऊन त्याचे कण जखमी बुबुळावर पेरावयाचे. त्यापूर्वी अशा पेशी महागड्या प्रयोगशाळेत वाढवाव्या लागत. आता शस्त्रक्रियागृह पुरेसे होते. विड्याच्या चुन्याशी खेळताना डोळा गमावून बसलेले मूल ज्यांनी पाहिले आहे त्यांना या शोधाचे मोल वेगळे सांगावयास नको. तसेच मदुराईच्या अरविंद रुग्णालयात, भाताच्या तुसाने वा काडीने डोळ्याला इजा होऊन जो बुरशीचा संसर्ग होतो त्यावर दोन औषधांची तुलना झाली. जुने नाटामायसिनच नव्या औषधाहून सरस ठरले, असे 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. या अभ्यासामागे अमेरिकी सरकारचा पैसा होता, लोकवर्गणी नव्हे, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. संशोधन म्हणजे नेहमी नवे आणि महागच असते असे नाही, एवढेच येथे दाखवावयाचे आहे.

धर्मपीठाचा या कार्याशी संबंध काय, असे विचारणाऱ्यांसाठी चेन्नईचे उदाहरण पुरेसे व्हावे. कांचीच्या शंकराचार्यांनी 1976 साली डॉक्टरांपुढे बोलताना सेवावृत्तीने चालणारे रुग्णालय उभारण्याची गरज सांगितली. ती मनावर घेऊन डॉ. बद्रीनाथ यांनी सप्टेंबर 1978 मध्ये शंकर नेत्रालय सुरू केले. आज तेथे रुग्णसेवेबरोबर संशोधनाचा स्वतंत्र विभाग आहे आणि देशविदेशांतील देणगीदार त्यास आधार देतात. गोव्यालाही या शास्त्राचा वारसा आहे. लिस्बन येथे 1889 साली स्थापन झालेली आणि आज डॉ. गामा पिंतो यांच्या नावाने ओळखली जाणारी नेत्रसंस्था ज्यांनी उभारली, ते डॉ. गामा पिंतो 1853 साली बार्देशातील साळगाव येथे जन्मले होते.

आता व्यवहाराविषयी. महाजनांच्या देवस्थानांना 1933 चा देवस्थान विनियम लागू असून त्यांचा खर्च अंदाजपत्रकानुसार व मामलेदारांच्या देखरेखीखाली होतो. म्हणून देवाच्या फंडपेटीतील पैशाला हात न लावता, या निधीची वही, पावतीपुस्तक व बँक खाते वेगळे ठेवावे असा आमचा प्रस्ताव आहे. आपल्या भागातील अनेक तरुण पोर्तुगीज नागरिकत्व घेऊन परदेशी राहतात. कायद्याच्या दृष्टीने त्यांची देणगी परकीय ठरते, आणि तशी नोंदणी नसलेल्या न्यासास ती स्वीकारता येत नाही. नोंदणी असली तरी 2020 च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम दुसऱ्या संस्थेकडे वळविण्यास मनाई आहे. अशा भाविकांनी, संबंधित संशोधनसंस्थेकडे परकीय देणगीची नोंदणी असल्याची खात्री करून, तिलाच थेट द्यावे. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी गोमंतकीयांच्या स्वतःच्या बचतीला ही अडचण नाही.

पैसा कोणाला द्यावा, यात आम्ही फार कठोर राहणार आहोत. संस्थेची नैतिकता समिती आहे काय, रुग्णांवरील चाचणी भारताच्या चाचणी नोंदवहीत नोंदलेली आहे काय, मागील वर्षाचे हिशेब पाहावयास मिळतील काय, हे विचारल्याशिवाय एक रुपयाही जाणार नाही. याचे कारण सांगणे भाग आहे. मूळ पेशींच्या इंजेक्शनाने रेटिनिटिस पिगमेंटोझा बरा करतो, असे सांगणाऱ्या एका दूरच्या ठिकाणी आमच्या परिचयातील एका कुटुंबाने भाटाचा तुकडा विकून पैसे भरले. मुलाच्या दृष्टीत काडीचाही फरक पडला नाही. खऱ्या चाचणीत सहभागी होणाऱ्या रुग्णाकडून प्रायोगिक उपचाराचे पैसे घ्यावयाचे नसतात. जेथे ते मागितले जातात तेथून पाय मागे घ्यावा आणि आधी गोवा वैद्यकीय महाविद्यालयातील नेत्रविभागात विचारावे.

मोरजीची मोरजाय, शिरगावची लईराई, मुळगावची केळबाय, मयेची महामाया या सख्ख्या बहिणी, आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीणही त्यांतलीच, अशी आपली श्रद्धा. लईराई आणि मिलाग्रीस यांच्यात तेलाची व मोगऱ्याच्या फुलांची देवघेव आजही चालते. त्यामुळे हा निधी एका देवळापुरता न ठेवता पेडणे व डिचोली या दोन्ही तालुक्यांतील देवस्थानांनी, आणि इच्छा असल्यास चर्चच्या मंडळींनीही, मिळून उभारावा, अशी सूचना आली आहे. ती आम्हांस मान्य आहे. हिशेब कोणी ठेवावा, यावर मात्र बारापाचांत एकमत व्हावयाचे आहे.

प्रस्ताव येत्या सर्वसाधारण सभेपुढे येईल. भांडारातील चांदीचे डोळे वितळवून त्यातून निधीचा आरंभ करावा, असेही काही सभासदांचे म्हणणे आहे. आमचे मत त्याविरुद्ध आहे. ते जोड ज्यांनी वाहिले त्यांनी ते देवीला वाहिले, निधीसाठी नव्हे. त्यांच्या शेजारी निधीची एक पेटी ठेवता येईल.

आपले नम्र,
विश्वस्त मंडळ