दाखल्यावरची सही कोणाची?

गव्हाणच्या दिव्यांग माणसाला संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान हवं असो, एसटीच्या भाड्यातली 75 टक्के सवलत हवी असो किंवा ग्रामपंचायतीच्या 5 टक्के निधीतला वाटा, त्याला आधी विचारलं जातं, 'दाखल्यावर टक्के किती?' हे टक्के कोण ठरवतो आणि त्याचं शिक्षण काय, हे विचारायचं मात्र राहून जातं. गेल्या तीस वर्षांत कायद्यानं याचं उत्तर अनेकदा नव्यानं लिहिलं.

1995 चा अपंग व्यक्ती कायदा 7 फेब्रुवारी 1996 ला लागू झाला. त्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते आणि लाभासाठी किमान 40 टक्क्यांची अट होती. नियमांनुसार वैद्यकीय मंडळात किमान तीन सदस्य आणि त्यांतला निदान एक त्या विषयाचा तज्ज्ञ असायला हवा. रायगडकरांसाठी मंडळ म्हणजे अलिबागचं 'सिव्हिल' रुग्णालय. पनवेलच्या टोकाला असलेल्या गव्हाणहून पेण, वडखळ ओलांडून तिथे पोचायचं, म्हणजे पांगळ्या माणसाची पहिली परीक्षा रस्त्यावरच व्हायची.

जून 2001 मध्ये केंद्रानं मोजमापाच्या सूचना काढल्या. सांधा किती अंशांत वळतो, स्नायूंत किती जोर आहे, कान किती डेसिबलला ऐकतो, बुद्ध्यंक किती, हे मोजून टक्के काढायचे. डिसेंबर 2009 च्या दुरुस्तीनं अवयव तुटणं, अंधत्व अशा उघड दिसणाऱ्या अपंगत्वासाठीची प्रक्रिया सोपी केली. पुढे महाराष्ट्रानं दाखले संगणकावर आणले आणि त्यानंतर देशभर एकच ओळखपत्र देणारी 'यूडीआयडी' पद्धत आली.

खरं वळण 2016 च्या कायद्यानं घेतलं. 19 एप्रिल 2017 पासून सात प्रकारांचे एकवीस झाले. कलम 57 मध्ये प्रमाणित करणाऱ्याकडे योग्य अर्हता आणि अनुभव असावा, असं स्पष्ट लिहिलं गेलं. 4 जानेवारी 2018 च्या सूचनांनी कोणत्या अपंगत्वासाठी मंडळात कोण बसेल हे ठरवलं. अध्यक्षपदी जिल्हा शल्यचिकित्सक किंवा त्या दर्जाचा अधिकारी. हालचालीच्या अपंगत्वाला पुनर्वसन किंवा अस्थिरोग तज्ज्ञ, बौद्धिक अपंगत्वाला बालरोग किंवा मनोविकार तज्ज्ञासोबत चिकित्सा मानसशास्त्रज्ञ. हे मानसशास्त्रज्ञ, तसंच श्रवण तपासणारे ऑडिओलॉजिस्ट, 1992 च्या कायद्यानं वैधानिक दर्जा मिळालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत असावे लागतात.

कागदावरची ही मांडणी चोख आहे. अडचण माणसांची. स्वमग्न मुलाची किंवा अध्ययन अक्षमतेची चाचणी घेणारा प्रशिक्षित माणूस तालुक्याच्या गावी सहज मिळत नाही. मग पालक मुंबई गाठतात. हाजीअलीला 1955 पासून पुनर्वसनाची केंद्रीय संस्था आहे, वांद्र्याला 1983 पासून श्रवणदोषांसाठीची अली यावर जंग संस्था. जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू खुला झाला आणि उलवे-गव्हाण पट्ट्याला मुंबई जवळ आली. पण मुख्यतः ज्याच्याकडे गाडी आहे त्याला.

ब्रिटनमध्ये चित्र वेगळं. तिथे 2013 पासूनच्या नव्या अपंग भत्त्यासाठी खासगी कंपन्यांनी नेमलेले परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, पॅरामेडिक तपासणी करतात. स्वयंपाक जमतो का, अंघोळ जमते का, किती चालता येतं, हे विचारतात. मानसिक आजाराच्या माणसाला फिजिओथेरपिस्टनं का तपासावं, ही तिथली जुनी तक्रार. आपल्याकडे तज्ज्ञ असावा असा नियम आहे, पण तो प्रामुख्यानं अवयव मोजतो. गुडघा किती वळतो हे दाखल्यावर येतं. त्या गुडघ्यानं बाजारापर्यंत जाता येतं का, हे येत नाही.

2024 मध्ये पुण्यातल्या एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या दाखल्याच्या खरेपणावरून देशभर गदारोळ झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नियम बदलले. दाखला देण्याची मुदत एका महिन्यावरून तीन महिने झाली आणि टक्क्यांप्रमाणे पांढरं, पिवळं, निळं अशी कार्डं आली. खोट्यांना आळा बसलाच पाहिजे, पण त्याची किंमत खऱ्यांनी थांबून चुकवावी, हा न्याय नव्हे. तपासणी कडक करायची तर तपासणारे वाढवायला हवेत.

तोवर गव्हाणच्या वाचकानं एवढं करावं. दाखला हाती आला की टक्क्यांखालच्या सह्या वाचाव्यात. तज्ज्ञाचं नाव, विषय आणि नोंदणी क्रमांक पाहावा, चाचणी कोणी घेतली हे विचारावं. निर्णय पटला नाही तर 2016 च्या कायद्याच्या कलम 59 खाली अपील करता येतं. तो आपला हक्क आहे.